अण्णा कर्वे आणि त्यांच्या घरातील तरुण माणसे

मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे संपादिकाबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी लगेच होकार दिला आणि घरी येऊन पस्तावले. कारण त्या दिवसांत आमच्या घरात मोठाच अबोला चालू होता. माझी भाची शिक्षणासाठी चार वर्षांपासून आमच्याकडे राहते. गणित घेऊन बी.एस्सी. झाली, गुण उत्तम पडले, आणि एका संगणक कंपनीत नोकरीही चालून आली. अक्काला, म्हणजे तिच्या आईला, आकाश ठेंगणे झाले. पण मुलीने एके दिवशी रात्री जेवताना सांगितले की, तिला ती नोकरी नको, कर्णबधिर मुलांना शिकवण्याचा अभ्यासक्रम करावयाचा आहे. अक्काने फोनवरून मला बजावले की, तू मावशी आहेस, तिला चार शब्द सांग. मी चार शब्द सांगितले. ते इतके बेताल सांगितले की, माझ्या घरात राहावयाचे तर माझे ऐकावे लागेल, इथवर मी गेले. तेव्हापासून मुलगी माझ्याशी कामापुरते बोलू लागली आणि आमच्याआधी जेवून घेऊ लागली.

अशा मनःस्थितीत कपाटातून महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे जुने आत्मवृत्त हाती आले. अण्णांचे नाव आपणांपैकी कोणास ठाऊक नाही? हिंगण्याची संस्था, महिला विद्यापीठ, भारतरत्न, हे सर्व आपण शाळेत पाठ केले आहे. पण ह्या वेळी माझे लक्ष गेले ते निराळीकडेच. अण्णांच्या आधाराने त्यांच्या नात्यातील किती तरुण माणसे आपापल्या वाटेला लागली, आणि त्या वाटा एकमेकींहून किती वेगळ्या होत्या, हे मी प्रथमच नीट पाहिले. म्हणून हे चरित्र मी त्या बाजूने लिहीत आहे. संस्थांची संपूर्ण हकिगत ज्यांना हवी त्यांनी मूळ ग्रंथच वाचावा.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातील शेरवली येथे, आजोळी झाला. घर कोकणात मुरुडला. एके काळी घराणे सुस्थितीत होते, पण अण्णांच्या वेळी ओढगस्तच होती. मुरुडला सोमण गुरुजी नावाचे शिक्षक होते. आपल्यापुरते न पाहता गावाचे काही करावे, ही ओढ अण्णांना त्यांच्यामुळे लागली. लहान मुलाला पुढे कोण व्हायचे हे न सांगतासुद्धा त्याच्या मनात काही पेरता येते, ते असे.

मुलगा हुशार पण कमालीचा बुजरा. सहावीच्या सरकारी परीक्षेला बसावयाचे तर सातारा गाठणे भाग होते. पावसाळी दिवस, समुद्रमार्ग बंद. तेव्हा सोबत्यांबरोबर हा मुलगा मुरुडहून निघाला आणि डोंगर, घाट, ओढे तुडवीत सुमारे ११० मैल पायी चालून साताऱ्यास पोहोचला. तेथे परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिले आणि हा वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. वय पुरेसे होते, पण अंगलट किरकोळ! एवढी पायपीट करून मुलगा तसाच परतला. मला हा प्रसंग वाचताना त्या मुलाच्या आईचे मन आठवले. आजचे आईबाप असते तर नशिबात नाही म्हणून शिक्षण सोडवून त्याला कोठेतरी चिकटवले असते. पण ह्या मुलाने नाद सोडला नाही. मॅट्रिक होईपर्यंत २३ वर्षांचे वय झाले, आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी.ए. झाले. उशिराने शिकलेला माणूस दुसऱ्याच्या उशिराला हसत नाही. त्यांच्या पुढच्या सर्व वागण्याचे मूळ मला येथे दिसते.

मुंबईस अण्णांचे बिऱ्हाड होते तेव्हा पहाटेपासून रात्रीपर्यंत शाळा आणि शिकवण्या चालत. पत्नी राधाबाई, मुलगा रघुनाथ आणि शिवाय शिकायला ठेवलेली मुले. त्यांतलाच एक, आईकडून भाऊ लागणारा, त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान असा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. मुर्डीसारख्या कोकणातल्या खेड्यातला हा मुलगा. अण्णांनी त्याच्या बुद्धीची चमक ओळखली आणि त्याला शिक्षणाला हात दिला. मुलाला गणिताची गोडी लागली, आणि घरात गणिताचा शिक्षक मोठ्या भावाच्या रूपाने होताच. पुढे १८९१ साली गोपाळराव गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवण्यासाठी पुण्यास आले. परांजपेही त्याच कॉलेजात शिकले, सरकारी शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेले, आणि १८९९ साली तेथील गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ.

येथपर्यंतची कथा सर्वांना आवडते. मला मात्र यापुढची महत्त्वाची वाटते. रँग्लर परांजप्यांना त्या वेळी पाहिजे तेवढ्या पगाराची जागा मिळाली असती. ते परत आले ते फर्ग्युसन कॉलेजात, जेथे आजीव सदस्याला महिना ७५ रुपये मिळत. मोठा भाऊ त्याच संस्थेत तेवढ्यावरच संसार करीत होता. त्या मुलाने लहानपणापासून घरात काय पाहिले असेल? पैसा कमी असला तरी माणूस ताठ मानेने राहतो, आणि पहाटे उठून काम करतो, हे पाहिले असेल. माझ्या भाचीने आमच्या घरात काय पाहिले, हा प्रश्न मला येथे पडला आणि मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले.

राधाबाई १८९१ सालीच वारल्या. अण्णा तेहतीस वर्षांचे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दहाबारा वर्षांच्या मुलीशी दुसरे लग्न लावणे अगदी सोपे होते. अण्णांनी ठरवले की, लग्न केलेच तर विधवेशी. त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षीच विधवा झालेली, देवरुखची. नरहरपंतांनी तिला शिकवायला मुंबईस आणले होते आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदासदन काढले तेव्हा ती तेथे गेली होती. ११ मार्च १८९३ रोजी हा विवाह पुण्यात झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे सगळ्यांच्या बाया. मुरुडकरांनी अण्णांवर बहिष्कार घातला. आईला भेटायला गावी गेले तर स्वतःच्या घरी उतरण्याची चोरी! ज्या गावच्या शिक्षणासाठी त्यांनी फंड उभा केला, त्या गावाने हे केले. अण्णांनी भांडण मांडले नाही. गावाचे ऋण मात्र ते मानीत राहिले.

आता खरी सांगण्यासारखी हकिगत येते. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. जन्म १८७०. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगा. केशवपन झालेले, अक्षरओळख नाही. वडील बहिणीने पुनर्विवाह केला म्हणून माहेरच्यांना जे सोसावे लागले तेही डोळ्यांनी पाहिलेले. अण्णा त्या वेळी विधवाविवाहाचे नावाजलेले पुरस्कर्ते. त्यांनी १८९३ मध्येच त्यासाठी मंडळी काढली होती. स्वतःची मेहुणी तरुण, निराधार. दुसरा कोणी सुधारक असता तर आपल्या मताचा दाखला म्हणून त्याने तिचे लग्न लावून दिले असते, आणि सभेत टाळ्याही घेतल्या असत्या.

पार्वतीबाईंना पुन्हा लग्न करावयाचे नव्हते. अण्णांनी ते मानले. त्यांनी तिला शिकण्यासाठी पुण्यास आणले. १८९६ साली पुण्यात त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला होता. पंचविशी उलटलेली, एका मुलाची आई असलेली बाई त्या आश्रमात मुलींच्या पंक्तीला बसून अक्षरे गिरवू लागली. आश्रमाच्या संदर्भात अण्णांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळली. आश्रमातील मुलींपुढे पुनर्विवाहाचा प्रचार करावयाचा नाही. त्यामुळे त्यांचे सुधारक मित्र नाराज झाले, आणि सनातन्यांचे समाधान झाले असेही नाही. पण अण्णांचे मत असे होते की, मुलीने आधी लिहायला वाचायला शिकावे, चार पैसे मिळविण्याची ताकद अंगी आणावी. मग लग्न करावे, न करावे, तिचे ती पाहील. पायाखाली जमीन नसलेल्या माणसाला निवड करावयास सांगणे म्हणजे त्याची थट्टाच नाही का?

१८९९ च्या प्लेगमध्ये आश्रम हलवावा लागला आणि १९०० साली तो हिंगण्यास गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जागा दिली होती. माळरान, एक झोपडी, वाट म्हणावी तर चिखल. अण्णा दिवसा कॉलेजात शिकवीत आणि संध्याकाळी चार मैल चालून हिंगण्यास जात, मुलींना शिकवीत, आणि पुन्हा पुण्यास येत. साताऱ्याच्या वाटेवर चालण्याची जी सवय लागली ती ही अशी उपयोगी पडली म्हणावयाची!

त्या झोपडीत पार्वतीबाई घडल्या. शिकल्या, शिकवू लागल्या, आश्रमाच्या व्यवस्थापिका झाल्या, आणि मग वर्गणीसाठी गावोगाव हिंडू लागल्या. ज्या बाईला परक्या पुरुषासमोर उभे राहण्याची सवय नव्हती ती सभेत उभी राहून बोलू लागली. केशवपनाची रूढी त्यांनी पुष्कळ वर्षे पाळली आणि १९१२ च्या सुमारास स्वतःच सोडली. कोणी सोडायला लावली नाही. इंग्रजी येत नाही ही खंत त्यांना होती. म्हणून १९१८ साली, अठ्ठेचाळीस वर्षांच्या वयात, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, इंग्रजी शिकल्या, संस्थेसाठी मदत मिळवली आणि १९२० मध्ये परत येऊन पुन्हा कामाला लागल्या. त्यांनी आपली कहाणी लिहून ठेवली आहे, ती आपल्या मंडळाच्या वाचनालयात असावयास हवी. एकाच आईच्या दोन मुली, दोघी विधवा, एकीने लग्न केले, दुसरीने केले नाही, आणि दोघींच्या पाठीशी माणूस एकच.

अर्थात अण्णांचे सगळेच मला पटते असे नाही, आणि चरित्र लिहिताना ते झाकू नये. स्वतःच्या बायकामुलांच्या बाबतीत ते फार कठोर होते. आयुष्याचा विमा पाच हजारांचा होता, तोही त्यांनी आश्रमाला देऊन टाकला. बायांनी त्याला हरकत घेतली, आणि का घेऊ नये? उद्या काही झाले तर मुलांना काय घालावयाचे, हा विचार आईलाच करावा लागतो. बायांनी आपल्या आठवणींत ही तक्रार मोकळेपणी नोंदवली आहे, आणि मला ती वाचून बरे वाटले. थोर माणसाच्या बायकोने सदैव गप्पच बसावे असे थोडेच आहे!

मुलांना इस्टेट मिळाली नाही, पण वाटेत अडसरही आला नाही. थोरले रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र काढले. त्या काळी हा शब्द चारचौघांत उच्चारण्याचीही सोय नव्हती. १९२५ मध्ये त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून त्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक चालवले, खटले झाले, दंड झाला, तरी १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. विचार करा, वडिलांची सर्व संस्था लोकांच्या सद्भावनेवर उभी, रुपया रुपया दारोदार मागून आणलेला. मुलाच्या एकेका अंकाने तीच सद्भावना दुखावली जाणारी. तरी दोघे आपापल्या कामाला चिकटून राहिले. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. भास्करराव मात्र हिंगण्याच्या कामात पडले. चार मुलगे, चार दिशा, आणि वडिलांच्या संस्थेत एकच.

महिला विद्यापीठ १९१६ साली निघाले. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांच्या वाचनात आली होती, तिच्यावरून ही कल्पना. सुरुवातीला कॉलेजात विद्यार्थिनी पाच! सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, विद्यापीठाला मिळाले. हे आपल्याला माहीत आहे. पण याच विद्यापीठाच्या संस्थापकांच्या घरात काय घडले ते मी अलीकडेच वाचले.

दिनकररावांची पत्नी इरावतीबाई. त्या ब्रह्मदेशात जन्मलेल्या, शिक्षणासाठी पुण्यास आलेल्या, आणि रँग्लर परांजप्यांच्या घरी मुलीसारख्या वाढलेल्या. म्हणजे ज्या मुलाला अण्णांनी घरात घेऊन शिकवले, त्याने पुढे आपल्या घरात एक मुलगी घेऊन शिकवली, आणि ती अण्णांचीच सून झाली. इरावतीबाई १९२८ मध्ये एम.ए. झाल्या आणि त्यांना पुढच्या संशोधनासाठी जर्मनीस जावयाचे होते. अण्णांना हे पसंत नव्हते. होय, स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचलेल्या अण्णांना! दिनकररावांनी मात्र पत्नीची बाजू धरली, पैसे उसने घेतले, आणि इरावतीबाई बर्लिनला गेल्या. डॉक्टरेट घेऊन त्या १९३० मध्ये परतल्या. पुढे १९३१ ते १९३६ त्या सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या, आणि मग डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्राच्या नामांकित विदुषी झाल्या. सासऱ्यांवर त्यांनी पुढे एक लेख लिहिला, त्यात आदर आहे आणि परखडपणाही आहे.

हा भाग मी एका रात्री स्वयंपाकघरात बसून वाचत होते. भाची पाणी प्यायला आली. मी तिला काही न सांगता पुस्तक तिच्याकडे सरकवले आणि ते पान दाखवले. तिने उभ्याउभ्याच वाचले, आणि कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली की, महर्षींनाही नाही म्हणावेसे वाटले, मग मावशीला वाटले तर नवल काय. मीही हसले. मग तिनेच विचारले की, दिनकररावांनी उसने घेतलेले पैसे फेडायला किती वर्षे लागली असतील. ते पुस्तकात नव्हते. पण त्यावरून आम्ही पैशाच्या गोष्टीवर आलो. दोन वर्षांचे शुल्क किती, वसतिगृहाला किती, नंतर पगार किती मिळतो, हे मी तिला प्रथमच विचारले, आणि ध्यानात आले की तिने हे सर्व वहीत आधीच मांडून ठेवले होते. इतके दिवस मी विचारलेच नव्हते.

अण्णांचे उत्तरायुष्य थोडक्यात सांगते. १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, ते युरोपला निघाले आणि तेथून अमेरिका, जपान करून आले. आफ्रिकेचाही दौरा केला. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि पुन्हा झोळी घेऊन दारोदार फिरू लागले. १९४४ मध्ये समता संघ काढला. १९५० मध्ये बाया गेल्या. १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. ज्या मुरुडने घरात उतरू दिले नव्हते त्या मुरुडने पुढे त्यांचा गौरवच केला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी एकशे चार वर्षांचे होऊन अण्णांनी पुण्यात देह ठेवला.

अक्काला मी गेल्या आठवड्यात फोन केला. ती माझ्यावर रागावली आहे, आणि तिचे रागावणे मला समजते. तिने आयुष्यभर शिवणकाम करून ह्या मुलीला वाढवले, तिला पगाराची खात्री हवी आहे. मी तिला एवढेच म्हटले की, कंपनीने रुजू होण्यास महिन्याची मुदत दिली आहे, तेवढ्यात मुलीने त्या शाळेत आठ दिवस राहून काम पाहून यावे, आणि मग अक्कानेच इकडे येऊन तिची वही पाहावी. अक्का काही बोलली नाही, पण फोन तिने ठेवलाही नाही. थोड्या वेळाने विचारले की, तेथे जेवणाची सोय कशी आहे.

सोमवारी सकाळी सहाच्या एस.टी.ने भाची निघणार आहे. मला माझ्या त्या रात्रीच्या बोलण्याबद्दल तिची क्षमा मागावयाची आहे, ती अजून नीट जमलेली नाही. रविवारी रात्री दशम्या करताना ती जवळ असेल, तेव्हा मागेन.